टोचे

आधी टोचे मारायचे.
बाभळीच्या काट्यानं, छत्रीच्या काडीनं, हाताशी असेल त्यानं,
प्रत्येक वांग्याला चार-पाच.
नाहीतर वाफ कोंडते आत
आणि फुटतं ते जाळावर, बसलेल्यांच्या अंगावर.
बामणोदला हे शेंबड्या पोरालाही माहीत.

आम्ही अठ्ठ्याण्णवची दहावी. दर मार्गशीर्षात एक रविवार,
फेगड्यांच्या मळ्यात, केळीच्या बागेला लागून.
तुराट्यांचा जाळ. बडजीत वांगी ठेचायला लीलाधर.
मिरच्यांपाशी टेनू, तिथं डोळे पुसले
तरी कोणी काही विचारत नाही.

यंदा दहा जण. योगराज दोन वर्षांपूर्वी गेला.
"अटॅक," असं आम्ही सांगतो.
घरचे सांगतात म्हणून आम्हीही,
आणि आता इतक्यांदा सांगून झालंय
की वेळ, घाम, छातीची बाजूसुद्धा ठरलीय.

जाळ बसला. साली काढताना बोटं भाजत होती.
मी म्हणालो, योगराजला अटॅक आला नव्हता.
कोणी वर पाहिलं नाही.
मी म्हणालो, त्यानं आत्महत्या केली.
हा शब्द रोज पेपरात वाचतो, आतल्या पानावर, दोन ओळींत;
तोंडातून काढला तेव्हा
कच्च्या केळीच्या चिकासारखा जिभेला धरला.

मग थांबता येईना.
म्हणालो, आषाढात मीही तिथवर गेलो होतो.
कॉलेजच्या खिडकीत फीच्या पावत्या फाडत होतो,
पोरांना सुट्टे परत देत होतो,
आणि आपल्यानंतर या खिडकीत कोण बसेल
याचा हिशोब मनात पूर्ण झाला होता.
भुसावळच्या डॉक्टरांचा नंबर मोबाइलमध्ये
'दातांचे डॉक्टर' म्हणून ठेवलाय.
दात सगळे शाबूत आहेत माझे.

कोणीतरी हसलं. मग हसायचं होतं का, म्हणून इकडे तिकडे पाहिलं.
प्रल्हाद म्हणाला, "तुले काय कमी हाये भो?
नोकरी हाये, घर हाये, पोरगी बारावीले."
कमी काहीच नाही रे, म्हणालो, तेच तर सांगता येत नव्हतं.
विहिरीत पाणी असतं, लाइट असते,
आणि मोटर हवा धरते. तसं.
प्रल्हाद मोटारी भरतो. तो गप्प झाला.

मग टेनू, मिरच्यांकडेच बघत:
माझी बायको सहा वर्षं गोळ्या घेते.
मेडिकलवाल्याला मी सांगतो, पेपरात गुंडाळ.
सासरवाडीला सांगतो, ॲसिडिटी.
चांगली आहे आता. उन्हाळ्यात पापड केले तिनं, दोनशे.
दोनशे, असं तो पुन्हा म्हणाला.

लीलाधरनं बत्ता खाली ठेवला आणि विचारलं,
पाणी पाहिजे का विचारावं तसं, सरळ:
"आताही येतं का मनात, जीव द्यायचं?"

योगराजला हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.
वाटायचं, विचारलं तर सुचेल त्याला.
त्याला सुचलेलंच होतं,
वर आमच्यापासून लपवायचं कामही
तो एकटाच करत होता.

येतं कधीमधी, म्हणालो.
पण आता आलं की सांगतो. बायकोला. डॉक्टरांना.
"अन् मले?"
तुलेही.

भरतात मीठ दोनदा पडलं. सगळ्यांनी खाल्लं.
निघताना प्रल्हादनं गाडीला किक मारली, बंद केली,
परत आला, माझ्या डिकीत दोन वांगी ठेवली
आणि काही न बोलता गेला.

मंगळवारी लीलाधरचा फोन.
काय बोलावं सुचेना त्याला,
म्हणून दहा मिनिटं केळीचा भाव सांगत बसला,
रावेरचा, मग बऱ्हाणपूरचा, मग पुन्हा रावेरचा.
मग म्हणाला, "गोळी घेतली का?"
जेवलो, आता घेतो, म्हणालो.
"घे. मी थांबतो लाइनवर."